राहायची नोकरी

लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत गाद्या भरणाऱ्या वाजिद नदाफनं आयुष्यात एकच नोकरी केली, आणि ती होती राहायची. नुसतं राहायचं. वैजनाथअप्पांच्या माडीवर बायकापोरांसह राहायचं आणि त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. हे ऐकून कुणीही म्हणेल, अशी नोकरी आम्हालाही द्या. अप्पा द्यायला एका पायावर तयार होते, पण त्या वर्षी अख्ख्या लातुरात ती घेणारा वाजिदशिवाय दुसरा कुणी निघाला नाही.

गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे भूकंप झाला, त्या सालची ही गोष्ट. किल्लारीकडची गावंच्या गावं मातीत गेली. लातूर शहर उभं राहिलं, पण शहरातल्या माणसांचा घरावरचा विश्वास उडाला. जन्मभर पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी मजल्यावर मजला चढवला होता, ते अंगणात पत्र्याचं शेड ठोकून त्यात झोपायला लागले. ज्याला माडी बांधायला जमलं नव्हतं तो एका रात्रीत शहाणा ठरला आणि तसा मिरवूही लागला.

वैजनाथअप्पा गंजातले आडते. शेतकऱ्यांची तूर विकून देता देता त्यांनी औसा रोडला दुमजली इमारत उठवली होती. माडीवर बँकेतला एक कारकून भाड्यानं राहायचा. भूकंपाच्या दिवशी दूधवाला यायच्या आत तो सामान टेम्पोत घालून गेला, आगाऊ दिलेले पैसेही मागायला थांबला नाही. त्यानंतर माडी बघायला येणारा प्रत्येक जण आधी अंगणातलं शेड बघायचा. शेडमध्ये पलंग, पलंगावर अप्पा, शेजारी स्टोव्हवर भाकरी थापणाऱ्या शिवकांताकाकू. मालकच पत्र्याखाली झोपतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच माघारी फिरायचं.

अशात एक दिवस वाजिद शेडमधल्या पलंगासाठी गाद्या घेऊन आला. त्याचं स्वतःचं भाड्याचं घर दगडमातीचं, त्याची मागची भिंत बसली होती. बायको जाहिदा तिन्ही पोरांना घेऊन नांदेडला माहेरी गेली होती आणि हा दुकानात कापसाच्या ढिगावर झोपत होता. अप्पांनी गादी दाबून बघितली आणि मग वाजिदकडे बघितलं.

"वाजिद, माडीवर राहतो का रे?"

"भाडं झेपायचं न्हाई, अप्पा."

"भाडं कोण मागून राहिलंय? उलट मीच देतो. पगार समज. फक्त लोकांना दिसलं पाहिजे, की माडीवर माणसं राहतेत."

नोकरीच्या अटी अप्पांनी तिथंच गादीवर बसून सांगितल्या. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालायचे, जितके असतील तितके. दिवेलागणीला रस्त्याकडच्या खिडकीत दिवा लावायचा. संध्याकाळचा चहा गॅलरीतच प्यायचा, आणि तोही घाईनं नाही. कुणी विचारलं तर घर पक्कं हाय म्हणायचं. आणि शेवटची अट, पुन्हा हादरा बसला तर खाली पळायचं नाही. राहणाराच पळाला तर इमारतीची अब्रू काय राहिली?

जाहिदा नांदेडहून आली. नोकरी कसली ते तिनं नीट ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "क्या जी, लोगां काम करके पैसे कमाते, तुम मरने के पैसे लेते?" पण तिच्या भावाच्या घरात तिला आणि पोरांना राहून बरेच दिवस झाले होते आणि भावजयीच्या तोंडाला आताशा कुलूप राहत नव्हतं. तिनं माडीचा ओटा पाहिला, नळ पाहिला, नळाला येणारं पाणी पाहिलं. मग पदर खोचून चूल मांडली. त्या बाईला स्वतःचं म्हणावं असं घर पहिल्यांदाच मिळत होतं, मग ते हलतं असलं तरी तिची तयारी होती.

वाजिदनं नोकरी इमानानं केली. गाद्या भरायचं दुकान दिवसा आणि राहायचं काम बाकीचा वेळ. एकदा ऐन संध्याकाळी जमीन हलली. रस्त्यावर एकच बोंब उठली, दुकानं उघडी टाकून लोक मोकळ्या जागेकडे धावले. वर बघतात तो वाजिद गॅलरीत खुर्चीवर बसलेला, हातात कपबशी. लोकांनी तोंडात बोटं घातली. गल्लीत त्या दिवसापासून वाजिदच्या छातीचं कौतुक सुरू झालं ते कितीतरी दिवस पुरलं. खरं म्हणजे वाजिदला पळायचं होतं. पाय उचलले जाईनात म्हणून तो बसून राहिला होता, आणि बशीतला चहा सगळा त्याच्या पायजम्यावर सांडला होता. अप्पांनी खूश होऊन दुसऱ्या दिवशी गुळाची ढेप पाठवली.

त्याच हादऱ्यात आतल्या खोलीची भिंत तडकली. कोनाड्याच्या कोपऱ्यापासून वर तुळईपर्यंत, बोट जाईल एवढी भेग. वाजिदनं अप्पांना बोलावून दाखवली. अप्पा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि मान लांब करून बघितलं.

"तिथं कपाट ठेव," अप्पा म्हणाले.

गवंडी आणला तर गवंडी गावभर बोलणार, म्हणून गवंडी नको. वाजिदकडं दुसरं काय होतं? कापूस होता. त्यानं भेगेत कापूस ठासला, तो गादीवाल्याच्या हातानं, अगदी एकसारखा, कुठं कमी नाही कुठं जास्त नाही. वरून चुना फासला आणि कपाट सरकवून दिलं. आपण भिंत दुरुस्त केली असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. पुढं कधी रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की कपाटामागून कापसाचा पुंजका खाली पडायचा, तो वाजिद गुपचूप उचलून परत भरायचा.

वर्षं गेली. माणूस भीतीलाही कंटाळतो. लोक एकेक करून शेडमधून घरात आले, अप्पाही आले, आणि शेडमध्ये सरकी साठवली जाऊ लागली. तोवर लातुरात नवीनच पीक आलं होतं. इथली पोरं बोर्डात झळकायला लागली, डॉक्टर-इंजिनियर व्हायला लागली, आणि साऱ्या मराठवाड्यातले आईबाप आपापलं पोरगं घेऊन लातूरला उतरायला लागले. नांदेडचे लोक विष्णुपुरीचं इंजिनियरिंग कॉलेज घराजवळ असून त्याच्या तयारीला पोरं लातूरला पाठवत. जिथं मोकळी जागा दिसेल तिथं क्लास, आणि क्लासच्या आजूबाजूला जे काही छपराखाली असेल ते भाड्यानं. एकानं म्हशीचा गोठा धुऊन त्यात मुलं ठेवली आणि दारावर 'शांत व हवेशीर' अशी पाटी लावली. घराचं भाडं घरावर ठरायचं बंद झालं, ते कॉटवर ठरू लागलं. एका खोलीत किती कॉट, एवढाच हिशेब. वाजिदच्या गाद्यांचा धंदा त्यानं चांगलाच वधारला हेही खरं.

अप्पांनी माडीवरच्या पलीकडच्या दोन खोल्यांत कॉट टाकल्या. पोरं दाखल करायला पालक आले की अप्पा हाक मारायचे, "वाजिदभाई, जरा या!" एरवी नुसता वाजिद, गिऱ्हाइकापुढं वाजिदभाई. वाजिद येऊन सांगायचा, घर पक्कं हाय, मी भूकंपापासून लेकराबाळांसंग इथंच हाय. पालकांचा जीव भांड्यात पडायचा.

मग एका उन्हाळ्यात अप्पांच्या लक्षात आलं की आता कुणी घर पक्कं आहे का म्हणून विचारतच नाही. विचारतात ते क्लास किती लांब आहे हे. म्हणजे वाजिदला पगार कशाचा चाललाय? आणि त्याच्याखाली अडकलेल्या जागेत कॉट किती बसल्या असत्या?

"वाजिद, तुझी नोकरी संपली बघ," अप्पा म्हणाले. "महिनाअखेर जागा मोकळी कर. न्हाईतर राहा, माझं काय म्हणणं न्हाई, पण कॉटच्या दरानं. तुमी पाच जण. पाच कॉट."

"अप्पा, धाकटा तर आईच्या कुशीत झोपून राहिलाय."

"कुशीत झोपला तरी डोकं मोजलं जातंय."

वाजिदनं घरी येऊन जाहिदाला सगळं सांगितलं. पाच कॉटचं भाडं त्याच्या दुकानातून सात जन्मात निघालं नसतं. दुसरीकडंही तोच दर, आणि कमी दराच्या खोल्या शहरात आता उरल्याच नव्हत्या. परत नांदेडला भावजयीच्या दारात जायचं म्हटल्यावर जाहिदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थोरली बुशरा दहावीला होती, तिची शाळा सुटणार. हे घर गेलं तर सगळंच गेलं, इतकं साधं होतं ते.

गाद्यांच्या ओळखीतून वाजिद सिद्धेश्वर वकिलांकडे गेला. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुशीत आले. हैदराबाद राज्य कधीच बुडालं होतं, पण त्याचा भाड्याचा कायदा मराठवाड्यात मागं राहिला होता, आणि त्या कायद्यानं मालकाला मनाला येईल ते भाडं लावता येत नव्हतं. रास्त भाडं सरकारी साहेब ठरवायचा.

"तुझ्या आधी तिथं बँकेचा कारकून राहायचा ना? त्याचं भाडं धरायचं, कायद्यानं जी किरकोळ वाढ बसते ती घालायची, झालं तुझं भाडं," वकील म्हणाले. "गोम एकच हाय. अप्पा म्हणणार, हा भाडेकरूच न्हाई, हा नोकर. नोकरीबरोबर जागा दिली, नोकरी संपली, जागा परत. तसं ठरलं तर तुला कायदा लागूच न्हाई."

"पण साहेब, मी नोकरच होतो की. खोटं कसं बोलू?"

"तू काहीच बोलू नको. नोकर होतास तर काम काय करत होतास, हे अप्पांनाच सांगू दे."

वकिलांनी रास्त भाड्यासाठी वाजिदचा अर्ज टाकला, अप्पांनी उलट अर्ज केला. सुनावणीला साहेबांच्या कचेरीत ही गर्दी. कॉटचे दिवस आल्यापासून अर्धं लातूर उरलेल्या अर्ध्या लातुराशी भांडत होतं. अप्पांच्या मागच्या बाकावर त्यांच्याच गल्लीतले दोन घरमालक बसले होते, आणि दाराशी एक पालक, ज्यानं आदल्याच दिवशी अप्पांकडं दोन कॉट धरल्या होत्या. तो दुसऱ्याच कसल्या दाखल्यासाठी आला होता, पण फुकटची करमणूक कोण सोडतं?

अप्पांनी अर्जात वाजिदला 'सदर इसम' करून टाकलं होतं. साहेबांनी अर्ज वाचला.

"सदर इसम तुमचा नोकर. काम काय?"

"राखण, साहेब."

"कशाची? माडीवर माल होता?"

"न्हाई साहेब, माडी मोकळीच."

"मग राखायचं काय?"

"माडीच."

मागं हसू फुटलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "माडी कोण चोरून नेणार होतं? आणि तुम्ही स्वतः कुठं राहत होता तेव्हा?"

"खाली, अंगणात. शेडमध्ये."

"स्वतःची दुमजली इमारत असताना शेडमध्ये? का?"

खरं उत्तर अप्पांच्या जिभेवर होतं. भ्या वाटत होतं साहेब, घर पडतंय की काय म्हणून मी बाहेर झोपलो आणि पगार देऊन ह्याला आत ठेवला. एवढं म्हटलं की खटला जिंकला, पाच कॉट मोकळ्या. पण अप्पांनी मान वळवून मागं बघितलं. गल्लीतले दोघे कान टवकारून बसले होते. ते दोघे गोलाईला पोचायच्या आत हे वाक्य साऱ्या लातुरात पोचलं असतं, आणि दाराशी तो दोन कॉटवाला उभाच होता. पाच कॉट मिळवायच्या आणि बाकीच्या सगळ्या घालवायच्या, हा सौदा आडत्याच्या डोक्यात बसेना.

"साहेब," अप्पा म्हणाले, "भाडेकरूच हाय तो. वयानं इसरायला होतंय मला."

"मग अर्जात नोकर कसा?"

"लिहिणाऱ्यानं लिहिलं."

"भाडं किती घेत होता?"

"बँकवाला देत होता तेवढंच," अप्पा म्हणाले, आणि वाजिदला मुळात भाडेकरू ठरवून बसले. दर महिन्याला स्वतः मोजून दिलेला पगार त्यांना त्या क्षणी आठवला असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. साहेबांनी बँकवाल्याच्या भाड्यावर किरकोळ वाढ घातली आणि तेच रास्त भाडं म्हणून ठरवून दिलं. निघताना साहेबांच्या शिपायानं अप्पांना बाजूला घेतलं आणि भाच्यासाठी एखादी कॉट शिल्लक आहे का म्हणून विचारलं.

वाजिद घरी आला तो पेढेच घेऊन. कायद्यानं घर त्याचं झालं होतं. जाहिदानं पेढा खाल्ला, देवाचे आभार मानले, बुशराच्या कपाळाचा मुका घेतला. मग तिची नजर कपाटाकडं गेली. "आधी ह्या भिंतीखाली झोपायचे पैसे मिळायचे," ती म्हणाली. "आता आपण द्यायचे. जिंकलो ना आपण?" वाजिदला हसावं की रडावं कळेना. भिंत दुरुस्त करा म्हणून अप्पांकडं जायची सोय आता राहिली नव्हती, आणि वरती सरकारात सांगावं तर इमारत धोकादायक ठरवून सगळ्यांनाच बाहेर काढणार. मोठ्या मुश्किलीनं मिळालेलं घर त्या भेगेवर उभं होतं. तोंड उघडलं की ते गेलं.

जून उजाडला. एका सकाळी शेषेराव नावाचा शेतकरी मुलीला घेऊन आला. मुलगी आरती, अकरावीला, दोन वेण्या, छातीशी धरलेली पिशवी. जिन्यात अप्पांना सवयीनं राहवलं नाही. "वाजिदभाई, जरा या!"

वाजिद दारात आला. शेषेराव भिंतीवर तळवा फिरवत होता. मग त्यानं बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघितली, इथं, मग तिथं, आणि कान लावून ऐकली. अशी भिंत बघणारी माणसं कुठली असतात हे वाजिदला माहीत होतं.

"गाव कोणतं?"

"किल्लारीच्या अंगाला," शेषेराव म्हणाला. "जुनं गाव आता न्हाई. नवीन घरं दिलेत सरकारनं."

अप्पा म्हणाले, "सांगा की वाजिदभाई, घर कसं हाय."

वाजिदचे ओठ सवयीनं उघडले. घर पक्कं हाय, एवढंच म्हणायचं होतं. कितीदा म्हटलं होतं. पण त्या माणसाचा तळवा अजून भिंतीवर होता, आणि वाजिदला स्वतःची लाज वाटली. बुशरा त्याच्याच मागं दारात उभी होती, या पोरीपेक्षा जेमतेम वर्षानं लहान. घर जात असेल तर जाऊ दे, असं त्याच्या मनात आलं आणि तो आत वळला.

"इकडं या, पाव्हणं," तो म्हणाला. "ही तुमच्या पोरीच्या खोलीला लागून असलेली भिंत. बघून घ्या."

त्यानं कपाट ओढलं. चुना खरवडला, कापूस उपसला आणि भेग उघडी केली. जाहिदानं तोंडाला पदर लावला. अप्पा मटकन जिन्यावर बसले. आता हा माणूस खाली जाऊन बोंब मारणार, चार पालक पोरं काढून नेणार, सरकारी लोक येऊन टाळं ठोकणार, हे दोघांनाही, मालकाला आणि भाडेकरूला, एकाच वेळी दिसलं.

शेषेरावानं भेगेत बोट घातलं. तुळईपर्यंत नजर नेली आणि बोट काढून धोतराला पुसलं.

"माझी माय आन् थोरला पोरगा त्यात गेले," तो म्हणाला. "मी दगडाखालून निघालो. भ्यायचं होतं तेवढं तवाच भिऊन झालं, भाई. आता भ्या वाटतंय ते हिच्या मार्कांचं. नंबर लागला न्हाई तर ही बी माझ्यावानी ढेकळं फोडत बसंल." मग तो अप्पांकडं वळला. "क्लास किती लांब हाय म्हनलात?"

"पाच मिन्टं," अप्पा जिन्यावरून म्हणाले. "चालत."

"मग बरंय," शेषेराव म्हणाला, आणि त्यानं कोपरीच्या खिशातून पैसे काढले.

वाजिद भेगेपाशी उभाच राहिला. घर वाचलं होतं. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी तो रात्ररात्र जागला, अप्पांनी कचेरीत स्वतःचा खटला बुडवला, ती गोष्ट सांगूनही कुणाला नको होती. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. आरती पिशवी घेऊन पलीकडच्या, मुलींच्या खोलीत गेली आणि भिंतीलगतच्या कॉटवर बसली.

वाजिद तिच्या मागोमाग गेला. "ऊठ गं बेटी," तो म्हणाला. त्यानं कॉट धरली आणि फरशीवरून फरफटत पार पलीकडच्या भिंतीकडं नेली.

अप्पा तोवर सावरून दारात आले होते. त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेकडं बघितलं.

"तिथं लावली तर हिकडं आणखी एक बसंल की रे, वाजिद."

"न्हाई बसत, अप्पा," वाजिद म्हणाला, आणि बुशराला हाक मारून त्यानं आतलं ते जड कपाट त्या रिकाम्या जागेत ओढायला घेतलं.